कोळंबीचं बाळंतपण

कोळंबीची बंदी लागली की आमच्या नाखव्याचा आवाज बसायचा. म्हणजे घसा बसायचा नाही, तो स्वतःच बसवायचा. एरवी धक्क्याच्या या टोकाला त्याने शिवी घातली, तर त्या टोकाला जाळं शिवणारा बंगाली ती आपल्यालाच समजून मान वर करायचा. पण बंदीचा पहिला दिवस उजाडला की हाच माणूस दवाखान्यात भेटीला आल्यासारखा कुजबुजायला लागे. कुणी धक्क्यावर मोबाईलवर गाणी लावली तर हा चपला काढून हातात घ्यायचा, तशाच तापलेल्या फरशीवरून त्याच्यापर्यंत जायचा, ओठांवर बोट ठेवायचा आणि समुद्राकडे मान करून सांगायचा, "गप रं. बाळंतीण हाय आत."

बाळंतीण म्हणजे कोळंबी. हे अल खफजीचं बंदर, सौदीच्या पूर्व किनाऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला. एका अंगाला तेलवाल्यांचे मोठाले जेट्टीधक्के आणि दुसऱ्या अंगाला आमच्यासारख्या मासेमारी बोटींची दाटी. इथे वर्षाचे काही महिने कोळंबीचं जाळं टाकायला परवानगी आणि उरलेले महिने बंदी. शिवाय त्या मोसमात किती कोळंबी काढायची याचाही सरकारने वाटा ठरवलेला. तो लवकर भरला तर बंदीही लवकर. बाकीच्या नाखव्यांच्या लेखी बंदी म्हणजे कटकट होती. आमचा नाखवा म्हणायचा, "लेक माहेरी गेलीय. बाळंतपण उरकून येईल. तवर तिला हाका मारायच्या नायत."

तो रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा, दर्यावर्दी मुसलमानांच्या घरातला. मी मिरजेचा. समुद्राशी माझा संबंध लहानपणी सहलीत पाय भिजवले तेवढाच. डिझेल मेकॅनिक म्हणून एका ठेकेदाराकडे आलो होतो. तिथली कामं सौदी पोरांना द्यायची असा हुकूम निघाला, ठेकेदाराने आम्हाला मोकळं केलं, आणि अबू नासर नावाच्या एका म्हाताऱ्या बोटमालकाने माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, आपल्या नावावर करून घेतला. तोच आमचा कफील, कागदोपत्री आमची जबाबदारी घेणारा. त्याच्या बोटीचं इंजिन माझ्या ताब्यात आलं. पहिल्या दिवशी नाखव्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "कुठला?"

"मिरजेचा."

"म्हंजे घाटी." तेव्हापासून मी घाटी. माझं खरं नाव त्याला माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

दिसायला काही विशेष नव्हता. बुटका, रुंद, पांढरी दाढी, लुंगीवर कायम इस्त्रीचा शर्ट. पण छत्री! काळी, लाकडी मुठीची, गावाहून आणलेली. खफजीत पाऊस वर्षातून पडला तर पडला, आणि पडला तर लोक अंगण सोडून गाड्या घेऊन तो बघायला जातात. नाखवा ती छत्री बोटीवर सुकाणूच्या चाकामागे उघडून उभा राहायचा. वर छप्पर असूनसुद्धा. एका हातात चाक, एका हातात छत्री. दुसऱ्या बोटींवरचे खलाशी हातवारे करून हसायचे. हा त्यांना छत्री वर-खाली करून सलाम करायचा.

यंत्रांचा मात्र भारी शौकीन. जुन्या वळणाचा माणूस म्हणजे तारे बघून बोट हाकणारा असेल असं मला वाटलं होतं. कसले तारे! नवा होकायंत्राचा पडदा आला की हा दुकानदाराच्या मागे लागायचा. पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र त्याने कफीलशी भांडून घेतलं होतं आणि त्याला तो 'टीव्ही' म्हणायचा. बंदीत तो टीव्ही काढून खोलीवर आणायचा, टेबलावर ठेवायचा आणि वर विणलेला रुमाल घालायचा. खोलीत आम्ही चौघं. तो, मी, सेल्वम नावाचा तमिळ खलाशी आणि सेल्वमचा मेहुणा. रुमालाखालच्या त्या टीव्हीला तिघांपैकी कुणी हात लावला तर खैर नसे.

खोलीतला खरा जाच जेवणाचा. बंदी आहे तोवर कोळंबी खायची नाही. पकडायची नाही ते सरकार सांगतंच, पण खायचीही नाही हा नाखव्याचा कायदा. एकदा सेल्वमने मोठ्या दुकानातून गोठवलेल्या कोळंबीची पिशवी आणली. परदेशातली, सगळ्या बंद्यांच्या पलीकडची. नाखव्याने ती हातात घेतली, चष्मा लावला, कुठल्या देशाची ते वाचलं आणि पिशवी परत देत म्हणाला, "ही पन कुनाची तरी लेकच ना?"

सेल्वम चिडला. हिंदीत म्हणाला, "नाखवा, उधर का सीझन अलग है."

"अलग हाय ना, मंग उधर जाके खा."

आम्ही ती खाल्ली, पण गच्चीवर जाऊन, ताट मांडीवर घेऊन. खाली तो एकटाच आमसुलाचं सार आणि भात जेवला. आम्ही खाली आलो तेव्हा कुणाशी बोलला नाही, पण आमच्यासाठी सार झाकून ठेवलं होतं. मला मासे नवे, मला त्या कोळंबीचं विशेष काहीच वाटलं नाही. पण कोकणातला माणूस महिनोन्महिने ताटात कोळंबी घेत नाही, हे किती मोठं आहे ते मला सेल्वमने समजावलं. "आम्ही तीन दिवस नाही राहू शकत," तो म्हणाला.

आता शाकारणीची गोष्ट. कोकणात पावसाळा जवळ आला की होड्या वाळूवर ओढून घेतात आणि माडाच्या विणलेल्या झापांनी शाकारतात, घर शाकारावं तशा. पाऊस संपेपर्यंत होडी झापांखाली झोपते. तिथे बंदी पाऊसच घालतो. खफजीत बंदी मोबाईलवर येते. आमची बोट फायबरची, क्रेनने उचलून यार्डात ठेवलेली. तरी नाखवा दर बंदीला अबू नासरच्या एका नातेवाइकाच्या बागेतून खजुराच्या फांद्या आणायचा, दारात बसून त्यांची झापं विणायचा आणि आख्खी बोट शाकारायचा. खजुराचं पान माडासारखं मऊ नाही, काटे हात फाडतात. त्याचे तळवे रक्ताळायचे. मी म्हटलं, "नाखवा, पाऊस नाही, काही नाही, कशाला हा उद्योग?"

"तिला कळाया नको बंदी लागलीय म्हनून?" बोटीला म्हणायचा तो.

एका वर्षी मासेमारी खात्याची पांढरी गाडी यार्डात आली. बंदीत चोरून मासेमारी करणाऱ्यांना पकडायची त्यांची मोहीम सुरू होती. रांगेत सगळ्या बोटी उघड्या आणि एकच फांद्यांखाली झाकलेली. गाडी सरळ आमच्यापुढे. दोन तरुण अधिकारी उतरले. खाली जाळी लपवलीत, म्हणाले, सगळं काढा.

आम्ही घाबरलो. नाखवा घाबरला नाही, दुखावला. बंदी मोडली असा संशय त्याच्यावर! त्याने कुजबुजत्याच आवाजात सांगितलं, काढतो, पण मी एकटा नाही काढणार, एक टोक तुम्ही धरा. झाप दोघांनी धरूनच उतरवावं लागतं, नाहीतर विणकाम उसवतं. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यातल्या एकाने बाह्या सरसावल्या आणि टोक धरलं. एकेक झाप उतरवत बोट मोकळी झाली. आत जाळ्याचा धागा नव्हता. होती ती नाखव्याची नमाजाची चटई आणि एक उशी. दुपारची झोप तो बोटीत घ्यायचा.

अधिकारी जायला निघाले तर नाखव्याने झापाचं टोक पुन्हा त्या पोराच्या हातात दिलं. "आता चढवाया कोन लागनार?" हे मराठीत, पण हात असा पुढे केला की अर्थ कळावा. आणि तो पोरगा खरंच सगळी झापं परत चढवू लागला. घामाने निथळत होता. मध्येच झाप कुरवाळत म्हणाला, माझ्या आजोबांची झोपडी अशीच होती. नाखव्याने त्याला सरबत पाजलं. गाडी गेल्यावर मला म्हणाला, "पोर बरा हाय. पन गाठ ढिली मारतो." आणि सगळ्या गाठी सोडून पुन्हा मारल्या.

अशा माणसाच्या वाट्याला ते सौदीकरण आलं.

नियम सोपा होता. प्रत्येक मासेमारी बोटीवर एक तरी सौदी माणूस पाहिजे, नाहीतर किनारा रक्षक धक्का सोडू देणार नाहीत. अबू नासरची स्वतःची मुलं रियाधला कचेऱ्यांत. त्याने बहिणीच्या मुलाला, फहदला, तयार केलं. फहदला कुठेच नोकरी टिकत नव्हती, घरी बसून होता. बाकीच्या बोटींवरही असंच चाललं होतं. सौदी माणूस सकाळी येई, चौकीवर सही करी, बोटीत जाऊन झोपे, बोट हिंदी, बंगाली लोक हाकत. कुणाची काही तक्रार नव्हती.

मोसमाचा पहिला दिवस. वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस तो. महिनोन्महिने बाजारात ताजी कोळंबी नसते, पहिल्या दिवशीच्या मालावर लोक तुटून पडतात. झापं उतरली होती, बर्फ भरला होता, इंजिन मी तापवून ठेवलं होतं. बंदी उठल्यामुळे नाखव्याचा आवाजही उठला होता. धक्काभर बोटींची घरघर. फहद आला. काळा चष्मा, कानात गाणी, बगलेत उशी.

नाखव्याने त्याला फळीवरच थांबवलं. मोडक्या अरबीत विचारलं, "मला भर दर्यात चक्कर आली, पडलो. तू काय करशील?"

फहदने कानातलं काढलं. "फोन करीन."

"कुणाला?"

"मामाला."

"मामा पोहत येईल?"

सेल्वम हसला. फहद लाल झाला. नाखवा वळला आणि मला म्हणाला, "घाट्या, इंजिन बंद कर."

मला वाटलं गंमत करतोय. "नाखवा, सगळ्या बोटी सुटल्या."

"सुटू देत. आपली बंदी उठली नाय अजून. बंद कर."

आणि बर्फ उतरवायला लावला. पहिल्या दिवशी! सेल्वमच्या मेहुण्याला रडू यायचं बाकी होतं. आम्ही चौघं हिश्श्यावर, मासा नाही तर हिस्सा नाही. मीही मनातल्या मनात नाखव्याच्या सात पिढ्या उद्धरल्या.

अबू नासर काठी टेकत धावत आला. पांढरा झगा घामाने पाठीला चिकटलेला. दोघं धक्क्यावर उभे राहून भांडले. दोघांचे आवाज सारखेच मोठे, वीसेक वर्षांची ओळख, त्यामुळे भांडण रंगलं.

"कायदा म्हणतो माणूस पाहिजे. माणूस दिला!"

"नावाचा दिला. मला कामाचा पायजे."

"कामाला तू आहेस ना?"

"मी साठीला आलो. मी पडलो तर बोट परत कोन आननार? हा घाटी? याला इंजिन कळतं, दर्या नाय कळत. सेल्वम हात चांगला, पन घाबरट. तुझा भाचा शिकनार असेल तर बोट सुटेल. नायतर दुसरा नाखवा बघ."

अबू नासरने काठी दुसऱ्या हातात घेतली. मग सावकाश म्हणाला, "शिकला तर मला तुझी गरज काय? इकाम्याची फी दर वर्षी वाढतेय, ठाऊक आहे ना? पोरगा सौदी, त्याला इकामा लागत नाही."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. सौदी माणूस बोट हाकायला लागला की परदेशी नाखवा म्हणजे उगाच खर्च. दुसऱ्या बोटींवरचे नाखवे म्हणूनच आपल्या सौद्याला झोपू देत होते, वर पांघरूण घालत होते. त्याची झोप म्हणजे त्यांची नोकरी. आमचा वेडा माणूस त्याला गदागदा हलवून उठवायला निघाला होता.

"ठाऊक हाय," नाखवा म्हणाला. "शिकव म्हनतोस का नाय, ते सांग."

अबू नासर काठी आपटत निघून गेला. बोट जागेवर राहिली. मी संध्याकाळी नाखव्याला समजवायला गेलो. "नाखवा, घरी दोन मुलींची लग्नं व्हायचीत म्हणता, आणि स्वतःच्या हाताने स्वतःच्या पोटावर पाय आणता? झोपू द्या की त्याला. आपल्याला काय करायचंय?"

तो जाळ्याची गाठ तपासत होता. वर न बघता म्हणाला, "घाट्या, बोटीवर पाच मान्सं जानार. पाचांतला एक झोपलेला असंल तर मी चार मोजू का पाच?"

"पाच."

"बुडताना पन पाच. मंग तरताना चार कशाला?"

मी उठून त्याला चहा करून दिला.

त्या आठवड्यात बाजारात आमचीच चर्चा. हिंदी नाखव्याने मालकाच्या भाच्याला बोटीवरून उतरवलं! कहवा पिणाऱ्या म्हाताऱ्यांनी अबू नासरला पार भंडावून सोडलं, आणि त्याने म्हणे ती सगळी जळजळ घरी जाऊन भाच्यावर काढली. एका सकाळी फहद आला. चष्मा नाही, उशी नाही. नाखव्यापुढे उभा राहून रागाने म्हणाला, "शिकव."

"उलटी होईल."

"होऊ दे."

"यल्ला."

उलटी झाली. कसली उलटी! धक्का दिसेनासा व्हायच्या आत पोरगा कठड्यावर लटकला तो दुपारपर्यंत. मी इंजिनखोलीतून डोकं वर काढलं तर काय पाहतो, सुकाणू सेल्वमच्या हातात आणि नाखवा फहदच्या डोक्यावर छत्री धरून उभा. दुसऱ्या हाताने त्याची पाठ चोळत होता आणि कोकणीत शिव्या देत होता. त्या शिव्या इथे लिहिता येत नाहीत, पण सूर अंगाईचा होता.

नाखव्याची शिकवायची रीत अशी की शब्दाने कौतुक नाही. चुकलं की शिवी, बरोबर आलं की गप्प. फारच खूश झाला तर आपल्या तांदळाच्या भाकरीतली अर्धी तोडून द्यायचा. आम्हाला इतक्या वर्षांत अर्धी भाकरी दोन-चारदा मिळाली असेल. फहद पहिल्यांदा भर लाटेत बोट वळवून जाळं न गुंतवता घेऊन आला तेव्हा त्याला मिळाली. त्याला अर्थ कळला नाही, त्याने ती सेल्वमला देऊ केली. आम्ही तिघं ओरडलो, "खा, खा!" मग तो खायला लागला.

फहद हुशार निघाला. हात शांत होता. तेलवाल्यांच्या हद्दीजवळ पाणी कसं ओढतं ते त्याला लवकर उमजलं. मोसमाच्या शेवटी तर तो टीव्हीवरचा ठिपका बघून कोळंबी की नुसता चिखल, ते ओळखू लागला. कोकणीही शिकला, म्हणजे शिव्यांपुरती. मला 'घाटी' म्हणायला लागला. खफजीत सौदी माणसाच्या तोंडून 'ए घाट्या, पानी दे' ऐकलेला मी बहुधा एकटाच मिरजकर असेन.

बंदी लागली तेव्हा झापं विणायला तोही येऊन बसला. त्याचेही तळवे रक्ताळले. ते दोघं दारात बसून कुजबुजत विणायचे. मी पलीकडून बघायचो आणि मला नाखव्याचा राग यायचा. कारण त्याच बंदीत अबू नासरने सांगून टाकलं. या वेळी इकामा वाढवतो, पण येणारा मोसम शेवटचा. पुढची बंदी लागली की कायमचा परतीचा शिक्का. फहद बोट घेईल.

सांगताना अबू नासरची मान खाली होती. तो वाईट माणूस नव्हता, त्याचा हिशेब वाईट नव्हता. नाखवा म्हणाला, "ठीक हाय." आणि खोलीवर येऊन टीव्हीवरचा रुमाल धुतला.

शेवटचा मोसम दणक्यात सुरू झाला. इतकी कोळंबी आम्ही कुणीच पाहिली नव्हती. जाळं वर आलं की फळीवर ढीग. सुकाणूला बहुतेक फहद. नाखवा शेजारी छत्री घेऊन. तो मोसमाचे उरलेले दिवस मनात मोजत होता, हे त्याच्या बोलण्यातून कळायचं. "अजून म्हैनाभर हाय," तो मध्येच म्हणायचा, कुणी विचारलेलं नसताना. साऱ्या आयुष्यात दर्या आणि तो. घरी गेल्यावर काय करणार, विचारलं तर म्हणायचा, "बगू." साठीचा माणूस, गावच्या बोटी पोरांच्या हातात गेलेल्या. दुसऱ्या कुणाच्या बोटीवर खलाशी म्हणून उभं राहायचं वय नव्हतं. हे चाक सुटलं की सुटलंच, हे त्याला आणि आम्हालाही कळत होतं.

पण जिथे कोळंबी अशी धो धो येते तिथे सरकारचा वाटाही लवकर भरतो. एका दुपारी आम्ही भर दर्यात असताना सगळ्यांचे मोबाईल एकदम वाजले आणि पाठोपाठ किनारा रक्षकांचा वायरलेस बोलायला लागला. ठरलेला वाटा पूर्ण झाला, आज मगरिबपासून, म्हणजे सूर्य बुडाला की कोळंबीची बंदी, सर्व बोटींनी जाळी वर घ्यावीत.

म्हणजे आजच. नाखव्याचा तो महिना राहिलाच नाही.

 पाण्यात जाळं होतं ते वर घेतलं. भरलेलं होतं. सूर्य खाली आला होता. जाळं पुन्हा टाकून ओढायचं तर मगरिब उलटून जाणार, हे उघड होतं. टीव्हीवर ठिपके दाट दिसत होते. नाखवा त्या पडद्याकडे बघत होता. मग त्याने छत्री मिटली आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "एकदा टाकू अजून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. सेल्वमही माझ्याकडे बघायला लागला.

"मगरिब होईल," फहद म्हणाला.

"होऊ दे. ते बग." लांबवर दोन बोटी अजून जाळं ओढत होत्या. "कोन बघतंय? एकदाच. सेल्वम, जाळ्याच्या फळ्या सोड."

सेल्वम हलला नाही. त्याने फहदकडे पाहिलं. फहदने मान हलवली, नाही. आणि बोटीचं तोंड बंदराकडे वळवलं.

तेव्हा नाखवा ओरडला. त्याच्या शिव्या मी खूप ऐकल्या होत्या, पण हा आवाज शिवीचा नव्हता. हातातलं काही कुणी हिसकावून नेतंय, तसा होता. "या बोटीचा नाखवा कोन?"

फहदने चाकावरचे हात काढले नाहीत.  तो म्हणाला, "मी."

इंजिनाच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू आलं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही. नाखवा फहदकडे बघत राहिला. मग चाकाजवळून निघाला, पुढे नाळेवर गेला आणि तिथे पडलेला दोर गुंडाळायला बसला. ते खलाशाचं काम. इतक्या वर्षांत त्याला बोटीच्या पुढच्या टोकाला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. बंदर आलं, अजान झाली, आणि धक्क्यावर दोर फेकला तोही त्यानेच.

अबू नासर काठी टेकून उभा होता. त्याने विचारायच्या आत नाखवा फळीवरून उतरला आणि बंदी लागलेली असतानाही सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "शेख, मी आज चोरी कराया निघालो होतो. तुझ्या भाच्याने धरला मला!"

आणि हसला. मोठ्याने, पोट धरून. अबू नासरला काही कळेना. फहद मागे उभा राहून डोळे पुसत होता.

परतीचे कागद होईपर्यंतचे दिवस त्याने ही गोष्ट भेटेल त्याला सांगितली. लिलावाच्या जागी, बर्फवाल्याला, चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायरीवर. त्या पांढऱ्या गाडीतल्या अधिकाऱ्याला तर थांबवून सांगितली, आणि तो बिचारा दंड करावा की शाबासकी द्यावी या पेचात पडला. स्वतःची फजिती माणूस अशी का सांगत सुटतो, ते मला आधी कळेना. मग एकदा ऐकता ऐकता लक्षात आलं, की गोष्टीत स्वतःचा भाग तो चार शब्दांत उरकतो आणि 'मी' म्हणणारा फहद आला की थांबून, चाक धरल्यासारखे हात पुढे करून दाखवतो.

मी सुट्टीवर निघालो होतो, म्हणून दम्मामपर्यंत गाडीत आणि मुंबईपर्यंत विमानात आम्ही बरोबरच. फहद सोडायला आला होता. त्याने नाखव्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि नाखव्याने त्याला एक अस्सल कोकणी शिवी दिली. विमानतळावर शिक्का मारणारा पोरगा फहदच्याच वयाचा होता. त्याने पासपोर्टाची पानं चाळली, कायमच्या परतीचा शिक्का बघितला, म्हाताऱ्याकडे बघितलं आणि सहज विचारलं, "इतकी वर्षं राहिलास चाचा, आता का चाललास?"

मी मागेच उभा होतो. मला वाटलं, सांगेल आता, नवे नियम, वाढलेली फी, नशीब. नाखव्याने छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

"बोटीला नाखवा मिळाला," तो म्हणाला, आणि पासपोर्टासाठी हात पुढे केला.